कामाची हमी आणि सुगीचे दिवस : कावेरीच्या शिवारातील एक जुना वाद
(शेतमजूर कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



तमिळनाडूत कुंभकोणमजवळ मरुदानल्लूर नावाचे गाव आहे. महाराष्ट्रात हे नाव फारच थोड्यांना ठाऊक असेल, आणि ज्यांना ठाऊक असेल त्यांना ते बहुधा भजनामुळे. दक्षिणेकडील नामसंकीर्तनाच्या पद्धतीला शिस्त लावणाऱ्या सद्गुरु स्वामींचा मठ ह्या गावी आहे. ह्या पद्धतीत संस्कृत, तेलुगू व तमिळ पदांच्या जोडीने मराठी अभंगही गाइले जातात. तंजावरला १६७६ पासून १८५५ पर्यंत मराठ्यांचे राज्य होते, त्याची ही खूण. मराठी माणूस तेथे गेला की मंदिर, मठ आणि सरस्वती महाल पाहून धन्य होतो व परत येतो. मठाच्या भोवती पसरलेल्या भाताच्या खाचरांत वाकून लावणी करणाऱ्या बायांकडे त्याचे लक्ष जात नाही. आजचा विषय त्या खाचरांचा आहे.

मराठीचा ह्या प्रदेशाशी आणखी एक संबंध आहे, आणि तो अभंगाइतका गोड नाही. तंजावरच्या जमीनदाराला तेथे मिरासदार म्हणतात. शब्द मूळ अरबी, परंतु आपल्याला तो परका नाही. आपल्याकडील जुन्या कागदपत्रांतला मिरासदार म्हणजे वतनी हक्काने जमीन बाळगणारा शेतकरी. त्याच्या खालोखाल उपरी. पुष्कळ मिरासदार स्वतः नांगर धरीत. कावेरीच्या मुखाकडील त्रिभुज प्रदेशात मात्र ह्याच शब्दाने असा मालक ओळखला जाऊ लागला की ज्याच्या हाताला चिखल लागत नाही. चिखल लागे तो पन्नैयाळाच्या हाताला. पन्नै म्हणजे मालकाची शेती, आळ म्हणजे माणूस. आपल्याकडे ज्याला सालगडी किंवा सालदार म्हणतात तोच हा, पण अधिक जखडलेला. कारण येथे मालकीच्या जोडीला अस्पृश्यता होती. पन्नैयाळ बहुसंख्येने दलित, त्यांची वस्ती गावाबाहेर, झोपडीखालची जमीनसुद्धा मालकाची. काम चुकले तर चाबकाचे फटके आणि वर शेण कालवलेले पाणी पाजणे, ही शिक्षा तेथे रूढ होती. हे वर्णन मध्ययुगाचे नव्हे, १९४० पर्यंतचे आहे.

ह्या जुन्या गोष्टी आज काढण्याचे कारण काय? कारण असे की, ग्रामीण रोजगार हमीसंबंधी सध्या जो वाद चालू आहे, तो तंजावरच्या शिवारात ह्यापूर्वी तीन वेळा होऊन गेला आहे, आणि तिन्ही वेळा त्याची किंमत शेतमजुरांनी मोजली आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा, २००५ बाजूला सारून ‘विकसित भारत–गॅरंटी फॉर रोजगार अँड आजीविका मिशन (ग्रामीण)’ हा नवा कायदा मंजूर केला. शंभर दिवसांच्या ठिकाणी सव्वाशे दिवस, ह्या घोषणेचा गाजावाजा भरपूर झाला. परंतु त्याच कायद्यात एक कलम आहे : पेरणी व कापणीच्या ऐन हंगामात वर्षातून एकूण साठ दिवस राज्य सरकारांनी आगाऊ जाहीर करावयाचे, आणि त्या दिवसांत ह्या योजनेची कामे काढावयाची नाहीत किंवा चालवावयाची नाहीत. हेतू उघड सांगितलेला आहे. शेतीला मजूर मिळावेत. म्हणजे ज्या दिवसांत शेतमजुराच्या श्रमाला सर्वांत अधिक मागणी असते, नेमक्या त्याच दिवसांत त्याच्यापुढचा दुसरा दरवाजा सरकारने कायद्याने बंद करावयाचा.

सव्वाशे दिवसांच्या आकड्याने भुलून जाण्याचे कारण नाही. जुन्या कायद्यात शंभर दिवस लिहिलेले होते. २०२४-२५ मध्ये प्रत्यक्षात काम मिळालेल्या कुटुंबामागे देशभरची सरासरी सुमारे ५० दिवस पडली. मजुरीचा संपूर्ण खर्च तेव्हा केंद्राकडे होता. नव्या कायद्यात बहुतेक राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा उचलावयाचा आहे आणि राज्यागणिक रक्कम केंद्र आधीच ठरवून देणार आहे. तेव्हा अधिक दिवस येणार कोठून, हा प्रश्न कोणाही हिशेबी माणसाला पडावा. पण आज तो बाजूला ठेवू. साठ दिवसांच्या कलमाकडे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे, कारण त्यात वर्गहित उघडे पडते.

पहिला प्रसंग १९५२ चा.

त्याच्या आधीची दहा वर्षे तंजावरात किसान सभेच्या कामाची आहेत. १९४३ मध्ये कॉम्रेड बी. श्रीनिवास राव तेथे आले. माणूस मूळचा कर्नाटकातला, ब्राह्मण घरातला, तमिळ ही त्याची मातृभाषा नव्हे. पन्नैयाळांच्या वस्तीत राहून त्यांनी संघटना बांधली. कोणी मारले तर उलट मारा, शेणाचे पाणी पाजू लागला तर पिऊ नका, असे ते सांगत. १९४४ मध्ये कळप्पाळ येथे मिरासदारांशी करार झाला व चाबूक आणि शेणपाणी बंद करण्याचे मालकांना मान्य करावे लागले. लक्षात घ्या, ही साल तीच आहेत की ज्या सालांत ठाणे जिल्ह्यात कॉम्रेड शामराव आणि गोदावरी परुळेकर वारल्यांच्या पाड्यांवर वेठबिगारीविरुद्ध लाल बावटा घेऊन फिरत होते. दोन्ही ठिकाणी लढा प्रथम माणूस म्हणून जगू देण्याचा होता. मग तो मजुरीच्या दराचा झाला. वारल्यांनी ५०० पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मागितले, आणि ती मागणी गवत उभे असताना मागितली. गवत वाळून गेल्यावर मागितली असती तर सावकाराने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, माणसे पडली, तरी संप मोडला नाही, ह्याचे एक कारण हे हंगामाचे गणितही होते.

तंजावरचा असंतोष १९५२ पर्यंत इतका वाढला की राजाजींच्या सरकारला, ज्यांनी कम्युनिस्टांना आपला पहिल्या क्रमांकाचा शत्रू म्हणून जाहीर केले होते त्या राजाजींच्या सरकारला, वटहुकूम काढणे भाग पडले. त्याचा पुढे तंजावर कुळे व पन्नैयाळ संरक्षण कायदा झाला. कुळाचा वाटा वाढला. पन्नैयाळाची मजुरी ठरवून देण्यात आली आणि त्याला मनास येईल तसे काढून टाकण्याला बंदी झाली. एका गावात एक वेलीपेक्षा, म्हणजे पावणेसात एकरांच्या आसपास, अधिक जमीन असलेल्या मालकाला हा कायदा लागू होता. कागदावर हा मोठाच विजय होता, आणि त्याचे श्रेय लढ्याला आहे, ह्यात शंका नाही.

मग झाले काय? मिरासदाराने कायदा वाचला. त्याने पाहिले की संरक्षण पन्नैयाळाला आहे, रोजंदारीच्या मजुराला नाही. तेव्हा त्याने पन्नैयाळ ठेवणेच कमी केले. जमिनी नातलगांच्या नावे वाटल्या गेल्या, जुने गडी सुटले, आणि तेच हात दुसऱ्या दिवसापासून रोजंदारीवर त्याच खाचरांत येऊ लागले. कॅथलीन गॉफ ह्या मार्क्सवादी मानववंशशास्त्रज्ञ बाई १९५१ पासून तंजावरच्या खेड्यांत राहून अभ्यास करीत होत्या आणि १९७६ मध्ये पुन्हा तेथे गेल्या. आन्द्रे बेते ह्यांनीही १९६० च्या सुमारास ह्याच जिल्ह्यातले एक गाव पाहिले. पन्नैयाळ पद्धत मोडून रोजंदारी वाढत गेल्याचे चित्र अशा अभ्यासांतून दिसते. गुलामगिरीची बेडी तुटली, हे खरेच आहे. पण बेडीबरोबर वर्षभराचे काम आणि सणासुदीचे धान्यही गेले. पूर्वी मालक बारा महिने राबवून घेई व बारा महिने अर्धपोटी का होईना खाऊ घाली. आता त्याला मजूर हवा तेवढेच दिवस हवा होता. उरलेल्या दिवसांचे काय, ह्याचे उत्तर १९५२ च्या कायद्यात नव्हते.

मजुरीचा कायदा असला आणि कामाची हमी नसली म्हणजे काय होते, ते येथे दिसले. मजुरीचा दर पाळला गेला नाही म्हणून तक्रार करणाऱ्याला उद्या कामावर बोलावले जात नाही. कायदा मोडण्याकरिता मालकाला लाठीसुद्धा उचलावी लागत नाही. त्याने नुसते दुसऱ्या झोपडीकडे वळावे. ज्याला काम नाकारता येत नाही त्याला मजुरी मागता येत नाही. मार्क्सने ज्या राखीव फौजेचे वर्णन कारखानदारीच्या संदर्भात केले, ती कावेरीच्या काठी अशी उभी राहिली.

दुसरा प्रसंग कीळवेण्मणीचा. तो येथे विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही, इतका तो आपल्या चळवळीच्या स्मरणात कोरलेला आहे. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यातील त्या गावी एका झोपडीत आश्रय घेतलेली ४४ दलित माणसे, त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले, जिवंत जाळली गेली. मागणी होती कापणीच्या मजुरीत अर्धे माप भात वाढवून मिळण्याची. परंतु एक तपशील पुष्कळदा विसरला जातो. हत्याकांडापूर्वीचा झगडा अर्ध्या मापाइतकाच बाहेरून आणलेल्या मजुरांवरून होता. हरितक्रांतीची नवी बियाणी आली होती, दुसरे पीक निघू लागले होते, उत्पन्न वाढले होते. मजूर त्यात वाटा मागत होते. मालकांनी १९६६ मध्ये भात उत्पादकांची संघटना उभारली आणि लाल बावटा न सोडणाऱ्या गावांत परगावचे मजूर आणून कापणी उरकण्याचा मार्ग धरला. म्हणजे त्यांनाही हे पक्के ठाऊक होते की सुगीच्या त्या आठपंधरा दिवसांत मजुराचा हात वर असतो, आणि तो खाली ओढावयाचा तर त्याच दिवसांत दुसरे हात आणले पाहिजेत. स्थानिकाला काम सुटते आणि परगावच्यालाही पुरता दर मिळत नाही. दोघांच्या मधले अंतर मालकाच्या कोठारात जाते.

त्यानंतर चौकशीसाठी गणपतिया पिळ्ळै आयोग नेमला गेला, आणि १९६९ मध्ये तमिळनाडूत शेतमजुरांच्या न्याय्य मजुरीचा कायदा झाला. खटल्यातील मिरासदारांना खालच्या न्यायालयाने शिक्षा दिल्या, पुढे मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. एवढे श्रीमंत जमीनदार स्वतः पायी चालत जाऊन घरे पेटवतील हे संभवत नाही, अशा अर्थाचा तर्क त्या निकालात आला. त्यावर भाष्य करण्याची गरज नाही. आपल्या विषयापुरते एवढेच की, १९६९ चा कायदाही मजुरीच्या दराचा होता. वर्षातून किती दिवस काम मिळेल, ह्याबद्दल तो मुका होता.

ह्याच सुमारास महाराष्ट्रात उलट बाजूने सुरुवात झाली, आणि हा भाग आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतला पाहिजे. कारण रोजगार हमी ही महाराष्ट्राने देशाला दिलेली गोष्ट म्हणून आपण अभिमानाने सांगतो आणि पुढचा भाग गाळतो. वि. स. पागे ह्यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात विसापूर येथे प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडीत बसली, दुष्काळी कामांवर मोर्चे निघाले, घेराव झाले. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. मागेल त्याला काम, दिवसांची मर्यादा नाही. खर्चासाठी १९७५ पासून शहरातील पगारदारांवर व्यवसाय कर बसला. हे सर्व दुष्काळी मोर्च्यांच्या दडपणाखाली झाले. कोणा एका सज्जनाच्या मनात आले आणि झाले, असे नव्हे. (पागे ह्यांचे मोठेपण त्याने कमी होत नाही.)

ह्या योजनेला महाराष्ट्रातील बागायतदार पुढाऱ्यांनी विरोध का केला नाही? कारण बांध, पाझर तलाव, रस्ते ह्यांचा लाभ जमीनवाल्यांना होता, आणि मजुरी इतकी तुटपुंजी ठेवलेली होती की तिच्यासाठी कोणी शेतावरचे काम सोडून येऊ नये. जोपर्यंत हमी कमी पैशांची होती तोपर्यंत ती सर्वांना प्रिय होती. १९८८ मध्ये किमान वेतनाचे दर दुपटीच्या घरात गेले, त्याबरोबर हमीच्या कामावरील मजुरीही वाढली, आणि पुढच्या काही वर्षांत कामावरची हजेरी मात्र एकदम खाली आली. काम मागणारे अचानक सुखी झाले म्हणून नव्हे. कामे काढणेच मंदावले, लांबच्या गावी कामे दाखवली जाऊ लागली, अर्ज घेण्यास टाळाटाळ झाली. तंजावरात दर होता आणि काम नव्हते. महाराष्ट्रात काम होते तोवर दर नव्हता, आणि दर आला तेव्हा काम आटले.

दुष्काळी कामाची मजुरी किमान वेतनाहून कमी असू शकते काय, हा प्रश्न १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे संजीत रॉय विरुद्ध राजस्थान राज्य ह्या प्रकरणात आला. न्यायालयाने स्पष्ट सांगितले की किमान वेतनाहून कमी देऊन काम घेणे ही घटनेच्या २३ व्या कलमाखाली सक्तीची मजुरी ठरते. भूक ही सुद्धा सक्तीच आहे, एवढे तरी न्यायासनाने मान्य केले. परंतु २००५ च्या केंद्रीय कायद्यात ६ वे कलम घालून केंद्र सरकारने किमान वेतन कायद्याकडे न पाहता आपला दर ठरविण्याची मोकळीक स्वतःला घेतली, आणि १ जानेवारी २००९ पासून ती वापरली. २०२५-२६ साठी जाहीर झालेला दर तमिळनाडूला दिवसाला ३३६ रुपये व महाराष्ट्राला ३१२ रुपये आहे. शेजारच्या केरळला तो ३६९ आहे.

आता तिसरा प्रसंग.

तंजावर व तिरुवारूर हे जिल्हे २००७ मध्ये, आणि नागपट्टिनम २००६ मध्येच, केंद्रीय रोजगार हमीत आले. तमिळनाडूत ह्या कामाला ‘नूर नाळ वेलै’, शंभर दिवसांचे काम, असे साधे नाव पडले. तेथे ह्या कामावर येणाऱ्या दहा मजुरांत आठांहून अधिक स्त्रिया असतात. हे ध्यानात घेतल्यावाचून पुढचे काही समजणार नाही. भात शेतीत लावणी आणि निंदणी ही बायकांची कामे; नांगरट, बांधबंदिस्ती पुरुषांची. आणि बायकांच्या कामाचा दर नेहमी पुरुषांहून कमी. शंभर दिवसांच्या कामावर मात्र स्त्रीपुरुषांना एकच दर, ठेकेदाराला मज्जाव, यंत्राला मज्जाव, पैसा बँकेच्या खात्यात. ज्या बाईने आयुष्यभर मालकाच्या अंगणात उभे राहून मजुरी घेतली, तिच्या नावे पासबुक निघाले. ही गोष्ट लहान नाही. लावणीच्या दरासाठी मालकाशी बोलताना ‘परवडत नसेल तर राहू द्या, आम्ही तलावाच्या कामावर जातो’ असे म्हणण्याची सोय प्रथमच झाली. त्या कामावर ती खरोखर गेली की नाही हे दुय्यम आहे. जाता येते, ह्या शक्यतेनेच दर हलतो.

मालकवर्गाचा राग ह्याच शक्यतेवर आहे. शंभर दिवसांच्या कामाने मजूर आळशी झाले, झाडाखाली बसून पैसे घेतात, शेतीला माणूस मिळत नाही, असे म्हणणारे कावेरीकाठी आहेत तसे कृष्णाकाठीही आहेत. पोलंडचा अर्थशास्त्रज्ञ मिखाल कालेत्स्की ह्याने १९४३ मध्ये ह्या मनोवृत्तीचे मर्म सांगून ठेवले आहे : पूर्ण रोजगार असला तर कारखानदाराचा नफा कमी होईलच असे नाही, उलट तो वाढूही शकेल, तरी त्याला पूर्ण रोजगार नको असतो, कारण कामावरून काढून टाकण्याच्या भीतीतून जी शिस्त राहते ती नाहीशी होते. पॅरिसमध्ये १८४८ च्या क्रांतीनंतर बेकारांसाठी राष्ट्रीय कार्यशाळा निघाल्या आणि जूनमध्ये त्या बंद करण्याचा हुकूम निघाला, तेव्हाही खजिन्यातील तुटीचेच कारण देण्यात आले होते. तंजावरच्या मिरासदाराने कालेत्स्की वाचलेला नाही. त्याला वाचण्याची जरूर नाही.

परंतु येथे थांबून आपल्या बाजूचीही एक अडचण प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. मजूर मिळत नाही ही तक्रार केवळ मिरासदाराची नाही. दोन एकरवाला शेतकरी, जो वर्षातून काही दिवस स्वतःही दुसऱ्याच्या शेतावर जातो, तोही ही तक्रार करतो. आणि तो आपल्या किसान सभेचा सभासद आहे. मेट्टूर धरणाचे दार परंपरेने १२ जूनला उघडते. ज्या वर्षी धरणात पाणी नाही त्या वर्षी ते उघडत नाही, आणि कुरुवै म्हणजे पहिले आखूड मुदतीचे पीक बुडते. पाणी आले तर ते सर्वांच्या खाचरांत एकदम येते आणि सर्वांना लावणी एकदम करावी लागते. अशा वेळी मजुरीचा दर चढला तर लहान शेतकऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. ‘हा प्रतिगामी प्रचार आहे’ असे म्हणून त्याला गप्प करणारा कार्यकर्ता चळवळीचे नुकसानच करतो.

मात्र त्याच्या अडचणीचे मूळ कोठे आहे? खताचा व डिझेलचा भाव तो ठरवीत नाही. भाताचा भावही तो ठरवीत नाही. त्याच्या हिशेबात दाबता येण्याजोगी बाब एकच उरते, ती मजुरी, आणि म्हणून राज्यकर्ते त्याचे बोट धरून तिकडे दाखवितात. उत्पादन खर्चावर आधारलेला भाव त्याला मिळाला आणि खरेदी केंद्रावर भात वेळेवर उचलला गेला, तर लावणीच्या दरातील वाढ तो सोसू शकेल. मजूर बंद दाराशी उभा केल्याने त्याचा एक रुपया वाचेल आणि पन्नास एकरवाल्याचे शंभर वाचतील. शिवाय जुन्या कायद्यात अल्प व अत्यल्प भूधारकाच्या, तसेच दलित-आदिवासींच्या जमिनीवर बांधबंदिस्ती, विहीर अशी कामे काढता येत होती. तो मार्ग रुंद करण्याची मागणी शेतकरी व शेतमजूर एकत्र करू शकतात. लावणी-कापणीचीच मजुरी सरकारने भरावी, अशीही सूचना काही जण करतात. ती ऐकावयास बरी लागते. पण त्याने हमीचे काम म्हणजे मालकाला फुकट मजूर पुरविणारे खाते होऊन बसेल. ज्यांना पन्नैयाळाची पद्धत आठवते त्यांना ह्यातला धोका सांगावा लागणार नाही.

आणखी एक गोष्ट. ऐन हंगामात शेतावर काम असतेच, मग त्या साठ दिवसांत हमीचे काम बंद राहिले म्हणून मजुराचे काय बिघडले, असा भोळा प्रश्न विचारला जातो. तो प्रश्न विचारणाऱ्याने गेल्या वीसपंचवीस वर्षांत कावेरीच्या शिवारात काय झाले ते पाहिलेले नाही. कापणी आता यंत्र करते. ज्या कापणीच्या अर्ध्या मापासाठी कीळवेण्मणी जळले, ती कापणी हार्वेस्टर काही तासांत उरकून निघून जातो. लावणीची यंत्रेही आली आहेत. आणि जेथे हातांनी लावणी होते तेथे अलीकडच्या वर्षांत पश्चिम बंगाल, बिहार येथून आलेल्या मजुरांच्या टोळ्या एकरी उक्त्या दराने ती करताना दिसतात. आपल्याकडील ऊसतोडीच्या टोळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, मुकादम आणि उचल हे शब्द ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ह्या टोळ्यांची स्थिती वेगळी समजावून सांगावयास नको. हे मजूर आपले शत्रू नव्हेत. बंगालमधल्या आपल्या गावी काम व दर मिळता तर दोन हजार किलोमीटरवर येऊन परक्या चिखलात कोणी उभे राहिले नसते. १९६८ मध्ये परगावच्या मजुराला स्थानिकाविरुद्ध उभे केले गेले तेव्हा जो खेळ खेळला गेला तो पुन्हा खेळता येऊ नये, ह्याची जबाबदारी संघटनेवर आहे.

म्हणजे परिस्थिती अशी : सुगी आहे, पण सुगीतले काम स्थानिक बाईला थोडेच दिवस आहे, आणि त्याच दिवसांत हमीचे कामही बंद. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अंमलात आणून किमान वेतनाचा १९४८ चा कायदाही गुंडाळण्यात आला आणि त्याची तरतूद वेतन संहितेत गेली. दर ठरविणारा कायदा आणि काम देणारा कायदा, दोन्ही एका महिन्याच्या अंतराने बदलले गेले. हा योगायोग आहे असे ज्यांना मानावयाचे असेल त्यांनी मानावे.

आता प्रत्यक्ष कामाकडे. साठ दिवस राज्य सरकारने जाहीर करावयाचे आहेत, म्हणजे झगड्याला येथे जागा आहे. कुंभकोणमच्या परिसरात कुरुवैची लावणी जून-जुलैत, तिची कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. सांबाची लावणी ऑगस्टपासून पुढे आणि कापणी जानेवारी-फेब्रुवारीत. जेथे कुरुवैनंतर ताळडी घेतात तेथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकाच शिवारात एकीकडे कापणी व दुसरीकडे लावणी. ह्यातले साठ दिवस कोणते? कोणाच्या शेताच्या सोयीने मोजलेले? ज्या वर्षी मेट्टूरचे पाणी जूनमध्ये आलेच नाही, त्या वर्षी लावणीच्या नावाने जाहीर केलेल्या दिवसांत बाईने काय करावयाचे? हीच स्थिती विदर्भात कापूस वेचणीची आणि मराठवाड्यात सोयाबीन काढणीची आहे. मंत्रालयात बसून आखलेली तारीख आणि पावसाची तारीख एक नसते.

म्हणून ग्रामसभेत तीन गोष्टी लेखी मागावयाच्या आहेत. ज्या दिवसांत हमीचे काम बंद राहील त्या दिवसांत गावात शेतीकामाचा दर किमान वेतनाहून कमी असणार नाही, ह्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्यावर, त्याचे नाव. त्या दिवसांत हार्वेस्टर चालला तर ज्या कुटुंबांना शेतावर काम मिळाले नाही त्यांच्या अर्जाची नोंद. आणि पाऊस किंवा कालव्याचे पाणी लांबले तर जाहीर दिवस मागे घेण्याचा अधिकार ग्रामसभेला. काम मागितल्याचा अर्ज तारखेनिशी देऊन पोच घेणे हे जुन्या कायद्याखाली जितके आवश्यक होते त्याहून आता अधिक आवश्यक आहे, कारण पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता ही तरतूद नव्या कायद्यातही ठेवलेली आहे आणि पोच नसली तर ती मागता येणार नाही. बंदीच्या साठ दिवसांतही अर्ज द्यावयाचे. ग्रामसेवक घेणार नाही म्हणेल; त्याचा नकार लिहून मागावयाचा, आणि तो सहीनिशी तालुका कचेरीत घेऊन जावयाचा, शक्यतो लावणीला लागण्याच्या आधीच्या आठवड्यात, जेव्हा मालक दर ठरविण्यासाठी वस्तीवर येतात.